टीव्हीखालच्या पेटीचे कानमंत्र

बाबू, पेचकस हातात घेण्याआधी एक कागद घे आणि घरात कोण काय खेळणार ते लिहून काढ. तू, तुझी बहीण, सांजच्याला येणारे शेजारचे पोट्टे, दिवाळीला पुण्याहून येणारी आत्याची मुलं. प्रत्येकाच्या नावापुढे दोन-तीन गेम लिही. बैठकीतल्या टीव्हीखाली लिनक्सची पेटी ठेवायची म्हणतोस, तर ती ठेवावी की नाही हे त्या कागदावरच ठरणार आहे. पंचवीस वर्षं मी पातुरात लोकांचे कॉम्प्युटर उघडतो आहे. घेताना माणूस रॅम विचारतो, ग्राफिक कार्ड विचारतो आणि गेमचं नाव पैसे देऊन झाल्यावर सांगतो. तू तसं करू नकोस.

कागदावर व्हॅलोरंट, फोर्टनाइट किंवा कॉल ऑफ ड्यूटीचा नवा भाग आला असेल, तर तिथेच थांब आणि विंडोज ठेव. ईए स्पोर्ट्स एफसीचंही तेच. या गेममध्ये लबाडी पकडणारा एक पहारेकरी असतो. तो विंडोजच्या अगदी आतल्या खोलीत जाऊन बसतो, आणि लिनक्समध्ये त्याला ती खोली सापडत नाही. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय हे दोन पहारेकरी 2021 पासून लिनक्सवर काम करू शकतात, पण गेम बनवणाऱ्याने परवानगी दिली तरच. जीटीए 5 चंच बघ. कथा एकट्याने खेळायची असेल तर मजेत चालते, पण सप्टेंबर 2024 मध्ये त्याच्या ऑनलाइन भागाला बॅटलआय लावलं आणि लिनक्सवाले बाहेर राहिले. आदल्या दिवशी चालणारी गोष्ट दुसऱ्या दिवशी बंद पडली. म्हणून ऑनलाइन गेमसाठी कुणाच्या जुन्या शब्दावर जाऊ नकोस. प्रोटॉनडीबी नावाच्या साइटवर गेमचं नाव टाक आणि वरचा सोनेरी-रुपेरी शिक्का बघून उठू नकोस. खाली उतर, गेल्या महिन्या-दोन महिन्यांत तुझ्यासारखं कार्ड असलेल्यांनी काय लिहिलंय ते वाच.

उरलेलं जग मोठं आहे. काउंटर-स्ट्राइक 2 आणि डोटा 2 थेट लिनक्ससाठीही मिळतात. विचर 3, एल्डन रिंग हे विंडोजसाठी केलेले गेम प्रोटॉनवर चालतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये काढलेला राजी तुझ्या बहिणीला नक्की दाखव. धाकट्या भावाला शोधायला निघालेली मुलगी, हातात देवीने दिलेलं त्रिशूल, भोवती आपल्याकडच्या वाड्यांसारख्या कमानी. आपल्या मातीतला गेम मोठ्या पडद्यावर बघताना आजीसुद्धा खुर्ची पुढे ओढून बसेल. लहान पोरांसाठी सुपरटक्सकार्ट फुकट आहे. एकाच टीव्हीचे चार भाग करून चौघं गाड्या पळवतात, नेट लागत नाही.

आता प्रोटॉन म्हणजे काय ते ध्यानात ठेव, कारण लोक याला विंडोजची नक्कल समजतात. गेम विंडोजला हाक मारतो, प्रोटॉन ती हाक ऐकतो आणि लिनक्सच्या भाषेत पुढे सांगतो. याच्या पोटात वाइन आहे, ज्याचं काम 1993 मध्ये सुरू झालं, आणि डीएक्सव्हीके आहे, जे विंडोजच्या चित्रांची भाषा वल्कनमध्ये उलथतं. स्टीम हे गेमचं दुकान चालवणाऱ्या वाल्वने हे सगळं ऑगस्ट 2018 मध्ये त्याच्या आतच आणून दिलं. प्रोटॉनच्या आधीचा काळ मी पाहिलाय. डिसेंबर 2013 मध्ये पहिलं स्टीमओएस निघालं, डेबियनवर बांधलेलं. 2015 मध्ये त्याच्या तयार पेट्या, स्टीम मशीन, बाजारात आल्या. पेट्या देखण्या होत्या, पण त्यात खेळायला होतं किती? लिनक्ससाठी वेगळा बनवलेला गेम असेल तेवढाच. लोकांनी पाठ फिरवली. 2022 मध्ये हातात धरायचा स्टीम डेक आला तेव्हा प्रोटॉन साडेतीन वर्षांचा झाला होता, आणि तीच कल्पना उभी राहिली. नोव्हेंबर 2025 मध्ये वाल्वने टीव्हीखालची नवी स्टीम मशीन जाहीर केली ती याच जोरावर. तुझ्या कागदाला मी पहिलं स्थान दिलं ते काहून, हे यातून कळेल.

आता सिस्टीम कोणती टाकायची. डेकवर जे स्टीमओएस आहे ते आर्चवर बांधलेलं आहे आणि वाल्वने ते मुख्यतः डेक आणि तसल्या हातातल्या यंत्रांना डोळ्यापुढे ठेवून केलंय. आपण स्वतः जोडलेल्या पेटीसाठी मी तुला बझाइट सांगतो. ते फेडोरावर उभं आहे. चालू केलं की थेट स्टीमची मोठी खिडकी उघडते, कंट्रोलरच्या एका बटणावर सगळं फिरतं, आणि हवं तेव्हा केडीईचा डेस्कटॉप मिळतो. कायमेराओएस आहे, नोबारा आहे, जुन्या कॅसेटवाल्या गेमसाठी बॅटोसेरा आहे. ती वाईट नाहीत. पण पातुरात राहून बैठकीसाठी निवडायचं, तर माझं मत बझाइटला आहे, आणि त्याला कारण आपली सारखी जाणारी लाईन.

हे नीट ऐक. साध्या सिस्टीममध्ये अपडेट म्हणजे चालू घरात फरशी बदलणं. एक फरशी काढली, दुसरी बसवली, अशा हजार. मध्येच लाईन गेली तर अर्धं घर उघडं. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात माझ्याकडे हेच झालं. सिस्टीमचं नाव घेत नाही. दुपारी अपडेट लावलं, तुझी मोठी आई पापड वाळत घालत होती, आणि पंखा थांबल्याचा आवाज आला. लाईन आली तेव्हा पडद्यावर काळ्यात पांढरी एक ओळ आणि लुकलुकणारी रेघ, बस. दोन रात्री गेल्या ते पुन्हा उभं करायला.

बझाइटचं अपडेट वेगळं असतं. चालू घराला हात न लावता ते शेजारी दुसरं पूर्ण घर बांधतं. बांधून झालं, तपासलं, की पुढच्या वेळी चालू करताना दार त्या घराचं उघडतं. बांधता बांधता लाईन गेली तर? तू अजून जुन्याच घरात राहतोस, काही बिघडलेलं नसतं. आणि नव्या घरात गेल्यावर आवाज येईना, कंट्रोलर जुळेना, असं काही निघालं तर चालू होतानाच्या यादीत जुनं घर तिथेच उभं असतं. बाण खाली, एंटर, आणि तू कालच्या जागी. तुझे गेम आणि सेव्ह वेगळ्या जागी राहतात, त्यांना धक्का नाही. मी हे मुद्दाम करून पाहिलंय. अपडेट उतरत असताना मागचं बटन बंद केलं, तीन वेळा. तिन्ही वेळा पेटी उठली. तू मात्र हा खेळ करू नकोस. डिस्क लिहीत असताना झटका देणं डिस्कला चांगलं नाही.

या सोयीची किंमत एवढीच की सिस्टीमच्या पोटात मनाला येईल ते घालायचं नाही. नवीन सॉफ्टवेअर हवं असेल तर फ्लॅटपॅक घे. सिनेमासाठी कोडी, एपिक आणि जीओजीच्या गेमसाठी हिरोइक, सगळं तिथे मिळतं. इंटरनेटवरून टर्मिनलच्या ओळी उचलून चिकटवायची सवय असेल तर ती बैठकीतल्या पेटीवर विसर. ती सवय तुझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर चालव.

सिस्टीम टाकण्याच्या दिवशी पहिलं काम: जुन्या डिस्कची साटा केबल काढून ठेव. हा माझा सगळ्यात महागात पडलेला धडा आहे. एका घरी दोन डिस्क होत्या, सारख्याच आकाराच्या. यादीत वरची निवडायची ती मी खालची निवडली. त्यात त्यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो होते. त्या बाईंचा चेहरा अजून समोर येतो. तेव्हापासून नव्या डिस्कशिवाय दुसरी डिस्क जोडलेली असेल तर मी पेन ड्राइव्ह लावतच नाही. बझाइटच्या उतरवलेल्या फाइलचा चेकसमही जुळवून घे. आपल्या नेटवर एवढी मोठी फाइल अर्धवट उतरणं नवीन नाही.

ती फाइल निवडताना बझाइटची साइट तुला विचारेल: कार्ड कुणाचं, आणि थेट गेमिंग मोड हवा का. खरं उत्तर दे. मग एक निळा पडदा येईल. सिक्युअर बूट चालू असेल तर पहिल्यांदा चालू होताना सिस्टीम आपली किल्ली मदरबोर्डकडे नोंदवायला बघते. फक्त दहा सेकंद थांबते. तेवढ्यात कुठलीही कळ दाबायची, ‘एनरोल’ निवडायचं, आणि पासवर्ड विचारला की युनिव्हर्सल आणि ब्लू हे दोन इंग्रजी शब्द लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाकायचे. त्या दहा सेकंदांत माणूस चहा आणायला उठतो आणि मग म्हणतो, चालू होत नाही. तू उठू नकोस. कीबोर्ड वायरचा ठेव, ब्लूटूथचा तिथे कामाचा नाही.

गेमची डिस्क विंडोजच्या एनटीएफएसमध्ये तशीच वापरायचा मोह होईल, कारण त्यात आधीचे गेम असतील. करू नकोस. प्रोटॉन अशा फाइली आणि असे जोड तयार करतो जे एनटीएफएसला धड पेलत नाहीत. गेम उघडतो, चार दिवसांनी नाही उघडत. डिस्क नव्याने बीटीआरएफएस किंवा एक्स्ट4 मध्ये घे. क्रॅक गेम तर आणूच नकोस. त्यात काय बसलंय हे कुणी सांगू शकत नाही, आणि त्याच पेटीवर तुझी आई कधीतरी बँकेची साइट उघडेल.

फेडोराच्या इन्स्टॉलरमधल्या भाषांच्या यादीत मराठी आहे, हे बघून मला दरवेळी बरं वाटतं. रेड हॅटने 2004 मध्ये लोहित हे फाँट सगळ्यांसाठी मोकळे केले, आणि पुढे त्या देवनागरीवर, मराठी भाषांतरावर पुण्यात बसून माणसांनी वर्षानुवर्षं काम केलं. आजीला सिनेमाचं नाव मराठीत स्वच्छ दिसतं त्यात त्यांचाही वाटा आहे. डेस्कटॉप मराठीत ठेव. स्टीम इंग्रजीत राहील, ते चालेल.

कार्डाबद्दल. लिनक्सच्या बैठकीत एएमडी घे. त्याचे ड्रायव्हर सिस्टीमच्या आतच येतात, वेगळे टाकावे लागत नाहीत, आणि गेमिंग मोड त्यावर सगळ्यात सुरळीत चालतो. घरात एनव्हिडिया पडून असेल तर बझाइटची त्यासाठी वेगळी फाइल आहे, पण नवं विकत घेताना तिकडे जाऊ नकोस. आरएक्स 6600 हे 8 जीबीचं, 132 वॅटचं कार्ड 1080पी टीव्हीला पुरून उरतं, आणि वॅट कमी म्हणजे उष्णता कमी, यूपीएसवर भार कमी. 65 वॅटचा रायझन 5 5600 जोडीला दे, 16 जीबी रॅम दे. जुनं आरएक्स 580 स्वस्तात मिळतं, चालतंही, पण त्यातली बरीच कार्डं क्रिप्टोची नाणी खोदून थकलेली असतात. अकोल्याला एसटीने जाऊन घेणार असशील तर दुकानातच अर्धा तास जड गेम चालवून बघ, पंख्याला बोट न लावता कान लाव. खरखर आली तर परत ठेव.

टीव्ही 4के आणि 120 हर्ट्झचा असेल तर एक अडचण आधीच माहीत असू दे. एएमडीने एचडीएमआय 2.1 चा खुला ड्रायव्हर लिहिला होता. एचडीएमआय फोरमने 2024 मध्ये त्याला परवानगी नाकारली. त्यामुळे 4के साठला येतं, एकशेवीसला तिथे भरवसा ठेवू नये. 4के टीव्हीवरही गेम 1080पीमध्ये चालव आणि चित्र मोठं करायचं काम एफएसआरला दे. सोफा टीव्हीपासून सात-आठ फुटांवर आहे, तिथून आजीला आणि तुलाही फरक कळणार नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या एचडीएमआयला ‘गेम मोड’ लाव, नाहीतर बटन दाबल्यावर गडी उशिरा उडी मारतो आणि पोट्टे कंट्रोलरला दोष देतात. कडा कापल्या जात असतील तर ‘जस्ट स्कॅन’ किंवा तसलं नाव शोध. टीव्हीच्या रिमोटने पेटी चालू होईल अशी आशा ठेवू नकोस, कॉम्प्युटरच्या कार्डात ती सोय सहसा नसते.

आता आपल्या वऱ्हाडाची गोष्ट, जी कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या वर जातो, आपल्याकडेही वेगळं नाही. बैठकीत कूलर लागतो. पेटी कूलरच्या झोतात ठेवली की गार राहील, असं प्रत्येकाला वाटतं. तसं अजिबात करू नकोस. कूलरची हवा ओली असते आणि आपलं बोअरचं पाणी जड. त्या हवेबरोबर बारीक क्षार येतात, गवताची कुसं येतात. एका हंगामात बोर्डावर पांढरा थर बसतो. मी टूथब्रशने खरवडलेत असे बोर्ड. चिपच्या पायांजवळ हिरवट गंज धरलेला असतो. पेटी कूलरच्या बाजूला, झोताबाहेर, भिंतीपासून वीतभर पुढे ठेव. लाकडी शोकेसच्या बंद कप्प्यात तर नकोच. कपाशी निघायच्या दिवसांत आणि तुरीची दाळ होते तेव्हा जाळी महिन्याला ब्लोअरने साफ कर. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेव, मोकळं फिरलं तर बेअरिंग जातं.

लाईनसाठी यूपीएस लागेल. 600 व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण 360 वॅट. पेटी कशीबशी तोलेल, पण काठावर. 1000 च्या वरचा घे. तो खेळत राहायला नाही, सेव्ह करून बंद करायला आहे. घरच्या इन्व्हर्टरवर लावणार असशील तर त्याच्या मागे यूपीएस मोडचं बटन असतं, ते तिकडे कर, नाहीतर लाईन जाताना पंखा डुलकी घेतो आणि पेटी बंद पडते. आणि एक: कंट्रोलरच्या बटणाने पेटी झोपवायची सोय गोड आहे, पण झोपलेली पेटी खेळ रॅममध्ये धरून बसते. लाईन गेली, यूपीएस संपला, खेळ गेला. आपल्या घरात झोपवण्याआधी सेव्ह, आणि रात्री पूर्ण बंद. रेणुकामातेच्या टेकडीमागे ढग काळे झाले, मृगाआधीचा वारा सुटला, की पेटीची पिन, टीव्हीची पिन, नेटच्या राउटरची पिन आणि डिशची वायर, चारही काढ. यूपीएस आभाळातल्या विजेला अडवत नाही.

नेटचं म्हणशील तर गेम 60-70 जीबीचे असतात. स्टीममध्ये उतरवायची वेळ रात्रीची लावता येते. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तोच गेम असेल तर दोन्ही एकाच राउटरला जोड, स्टीम नेटवर न जाता शेजारून उचलून घेतं. गेमच्या शेडरच्या फाइली वरचेवर उतरतात, डेटा मोजका असेल तर ते सेटिंग बंद कर. पहिल्या दिवशी गेम थोडा अडखळेल, मग सुरळीत.

पेटी बैठकीत आली की ती घराची झाली, तुझी एकट्याची राहत नाही. सप्टेंबर 2024 पासून स्टीम फॅमिलीज आहे, सहा जण आपापले गेम एकमेकांना वापरू देतात आणि मोठ्यांना मुलांची वेळ ठरवता येते. तुझ्या आईचं खातं मोठ्यांमध्ये घाल. ती ‘मले काय समजते त्यातलं’ म्हणेल. तिच्या मोबाइलवर बसून दोनदा दाखव, येतं. आजीसाठी पहिल्या पडद्यावर कोडी आणून ठेव आणि कंट्रोलरच्या त्या एका बटणाला लाल टिकली लाव. मागच्या वेळी माझ्या पेटीपुढे बसून तिने मला विचारलं होतं, "कोनतं दाबू, एकच सांग बाप्पा." माझ्याकडे टिकली लावल्यापासून कीर्तन ती स्वतः लावते.

सगळ्यात शेवटी सांगतोय, पण करायचं सगळ्यात आधी आहे: अर्थिंग. बैठकीतल्या त्या सॉकेटमध्ये तिसरी पिन नुसती दिसायला आहे, असा मला संशय आहे. डिशच्या वायरीतून गळती येते, टीव्हीच्या अंगावर चढते, आणि तू एचडीएमआय लावायला जातोस तेव्हा ठिणगी उडून कार्डाचा पोर्ट मरतो. मी असे चार पोर्ट पाहिलेत, चारही घरांत अर्थिंग नव्हतं. इलेक्ट्रिशियन उद्या येतोय, न्यूट्रल आणि अर्थमध्ये तीन व्होल्टच्या आत दिसलं पाहिजे, फेज आणि अर्थमध्ये दोनशेतीसच्या आसपास. परसातला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्याने कोरडा झाला असेल. आज सांजच्याला त्यात दोन बादल्या पाणी टाकून ठेव, मीठ-कोळसा कमी वाटला तर सांग, माझ्याकडे अर्धं पोतं आहे. मीटर घेऊन मी सकाळी आठला येतो.